वासरात लंगडी गाय? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्या वाचनात राग आला. दुसऱ्या वाचनात त्यातला एक मुद्दा अगदी बरोबर आहे हे लक्षात आलं आणि राग आणखी वाढला. म्हणून चार दिवस गप्प बसलो. आता शांतपणे लिहितोय, आणि जरा ऐसपैस लिहितोय.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९७९ मध्ये इंग्लंडमध्ये व्यावसायिक फुटबॉल लीगच्या खाली अलायन्स प्रीमियर लीग सुरू झाली. तिच्याखाली प्रादेशिक लीग जोडत जाऊन देशभराची एक उतरंड रचायची, म्हणजे गावातल्या क्लबलाही एकेक पायरी चढत वर जाता येईल, असा बेत होता. ईशान्येकडच्या नॉर्दर्न लीगने या उतरंडीत यायला नकार दिला आणि ती १९९१ पर्यंत बाहेरच राहिली. मी त्या नकाराची बाजू घेतली होती.

त्यावर तुम्ही तीन गोष्टी लिहिल्यात. एक, हा भित्रेपणा होता आणि मी त्याला स्वाभिमानाचा मुलामा दिला. दोन, या लीगच्या क्लबांनी पुढे जे करंडक जिंकले ते ‘वासरात लंगडी गाय शहाणी’ या जातीचे. तीन, वर जाण्याची इच्छाच नसलेला क्लब आपल्या खेळाडूंना फसवतो. शेवटी विचारलंत, ‘तुम्ही त्यातल्या एखाद्या क्लबचे सचिव असतात तर मत कुठे टाकलं असतं?’ शेवटच्या प्रश्नाचं उत्तर शेवटीच देतो.

भित्रेपणापासून सुरुवात करू. तुम्ही आजची उतरंड डोळ्यांसमोर ठेवून १९७९ च्या माणसांना जोखताय. आज तळातला क्लब सलग जिंकत गेला तर वरपर्यंत जाऊ शकतो, निदान कागदावर तरी. १९७९ ला तसं नव्हतं. तेव्हा अलायन्स प्रीमियर जिंकणाऱ्या क्लबला व्यावसायिक लीगचं दार आपोआप उघडत नव्हतं. चौथ्या, म्हणजे व्यावसायिक लीगमधल्या सगळ्यांत खालच्या विभागातल्या तळाच्या क्लबांनी पुन्हा निवडून येण्यासाठी अर्ज करायचा, बाहेरच्या क्लबनेही अर्ज करायचा, आणि मतदान कुणी करायचं, तर लीगमध्ये आधीच बसलेल्या क्लबांनी! घरातल्यांनी घरातल्याला बाहेर काढून परक्याला आत घ्यावं अशी ही अपेक्षा.

१९८० ला आल्ट्रिंचम पहिला विजेता ठरला. मतदानात रॉचडेलला २६ मतं पडली आणि आल्ट्रिंचमला २५. रॉचडेल त्या वर्षी चौथ्या विभागात तळाला होता. तळाला राहिलेला आत राहिला, जिंकलेला बाहेर. आल्ट्रिंचमने पुढच्या वर्षी परत लीग जिंकली आणि तरीही तो बाहेरच राहिला. त्यानंतर रनकॉर्न, एनफिल्ड, मेडस्टोन, वील्डस्टोन आणि पुन्हा एनफिल्ड. १९८६ पर्यंत सात हंगाम झाले, सात विजेतेपदं झाली, आणि वर गेलेल्या क्लबांची संख्या शून्य. आपोआप बढती सुरू झाली ती १९८७ ला. तेव्हा स्कारबरो वर गेला आणि लिंकन सिटी खाली आला.

म्हणजे पहिली आठ वर्षं ही शिडी माळ्याला टेकवलेली होती खरी, पण माळ्याचं झाकण वरून बंद होतं. अशा शिडीवर चढायला नकार देणाऱ्याला तुम्ही भित्रा म्हणता. मी त्याला हिशोबी म्हणतो. (माझ्या मूळ लेखात हा मतदानाचा भाग एका वाक्यात उरकला होता, ही माझी चूक. लेख लांबतोय म्हणून नेमका कणा कापला.)

आता दुसरा हिशोब, मंगळवारचा. शनिवारच्या सामन्याबद्दल कुणाची तक्रार नसते. सगळं घोडं अडतं ते आठवड्याच्या मधल्या सामन्यांवर. नॉर्दर्न लीगमधली बहुतेक मैदानं एकमेकांपासून तासा-दीड तासाच्या आत होती. डरम परगण्यातली खाणींची गावं, टाईन नदीचा काठ, किनाऱ्यावरची बंदरं. उतरंडीत शिरलं की वरची पायरी म्हणजे नॉर्दर्न प्रीमियर लीग, आणि तिचा पसारा पार वेल्सच्या किनाऱ्यावरच्या बँगरपर्यंत. मी नकाशा काढून नॉर्दर्न लीगमधल्या ब्लाइथपासून बँगरपर्यंतचा रस्ता मोजला. एका बाजूने चारशे किलोमीटरच्या आसपास.

या क्लबांचे खेळाडू दिवसभर दुसरं काहीतरी करणारे. त्यातल्या एखाद्या नळजोडणी करणाऱ्याचा मंगळवार डोळ्यांसमोर आणा. संध्याकाळी साडेसातचा सामना, म्हणजे दुपारी एकला बस. अर्ध्या दिवसाची मजुरी बुडाली. सामना संपायला साडेनऊ, आंघोळ करून बसमध्ये बसेपर्यंत साडेदहा, घरी पोचायला पहाटेचे तीन. सकाळी सातला परत कामावर. क्लबने त्याची बुडालेली मजुरी भरून द्यायची, बसचं भाडं द्यायचं, आणि दुसऱ्या बाजूने पाहिलं तर तितक्याच लांबून पाहुणा संघ आला की त्याच्यामागून येणारे प्रेक्षक किती, तर एका मोटारीत मावतील इतके. शेजारच्या गावाशी सामना असला की फाटकावर रांग लागते. त्या रांगेवर हे क्लब जगत होते. एका वर्षात अशा चार-पाच शेजाऱ्यांना मुकायचं आणि बदल्यात चार-पाच लांबचे प्रवास घ्यायचे, या व्यवहारात महत्त्वाकांक्षा कुठे बसवायची ते सांगा.

स्वाभिमान नव्हता असं मात्र मी म्हणणार नाही. होता, आणि जरा जास्तच होता. १८८९ ला स्थापन झालेली ही लीग, जगात फुटबॉल लीगच्या खालोखाल जुनी. एफएचा (म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेचा) हौशी संघांसाठीचा अमॅच्युअर कप या लीगच्या बिशप ऑकलंडने दहा वेळा जिंकला, क्रुक टाउनने पाच वेळा. वेस्ट ऑकलंड या खाणगावातल्या संघाने तर १९०९ आणि १९११ ला तुरिनला जाऊन सर थॉमस लिप्टन करंडक जिंकला, आणि दुसऱ्या वेळी अंतिम सामन्यात युव्हेंटसला ६-१ हरवलं. एवढं नाव असलेल्या माणसांना ‘तुम्ही अमक्याच्या खालच्या पायरीवर उभे राहा’ म्हटलं की काय होतं ते सांगायला नको. त्यात १९७४ ला हौशी आणि व्यावसायिक हा भेदच एफएने काढून टाकला होता, त्यामुळे ज्या करंडकावर सगळा रुबाब उभा होता तो करंडकच बंद पडलेला. (हौशी म्हणवणाऱ्यांच्या बुटात सामन्यानंतर गुपचूप नोटा सापडायच्या, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे ‘निखळ हौशी परंपरा’ वगैरे शब्द मी मुद्दाम वापरले नव्हते.)

नाक वर असलेली दुसरी लीग लंडनच्या बाजूची, इस्थमियन. ‘मान पुरेसा आहे’ अशा अर्थाचं लॅटिन ब्रीद मिरवणारी. तिनेही १९७९ ला अंग चोरलं, पण दोन वर्षांत, १९८१ ला, एनफिल्ड आणि डॅगनम हे दोन क्लब अलायन्समध्ये गेले. या दोघांचं पुढे काय झालं ते पाहण्यासारखं आहे, कारण तुमचं म्हणणं आणि माझं म्हणणं दोन्ही त्यात आहे. एनफिल्डने अलायन्स दोनदा जिंकली. दुसऱ्यांदा जिंकली ती १९८६ ला, म्हणजे झाकण उघडायच्या बरोबर एक वर्ष आधी. पुढे घसरण, मग मैदान विकलं गेलं, समर्थकांनी २००१ मध्ये वेगळा क्लब काढला, आणि मूळ क्लब २००७ ला संपला. डॅगनमने शेजाऱ्याशी विलीन होऊन डॅगनम अँड रेडब्रिज असं नाव घेतलं आणि त्याच २००७ ला तो व्यावसायिक लीगमध्ये पोचला. एकाच दिवशी एकाच दारातून आत गेलेले दोघे. आणि तो स्कारबरो, पहिला आपोआप वर गेलेला? १९९९ ला खाली आला, २००७ ला त्यालाही टाळं लागलं. उतरंडीत गेल्याने क्लब वाचतो किंवा बुडतो असं एका दमात कुणी सांगत असेल तर त्याने ही नावं आधी वाचावीत.

झाकण उघडल्यावरही कडी होतीच, मैदानाच्या अटींची. १९९४ ला किडरमिन्स्टर, १९९५ ला मॅकल्सफिल्ड, १९९६ ला स्टीव्हनेज, सलग तीन विजेत्यांना मैदान निकषात बसत नाही म्हणून वर जाता आलं नाही. खालच्या पायऱ्यांवर हीच गोष्ट आणखी बारीक होते. बसायच्या जागा किती, प्रकाशझोत कसे, प्रवेशाची फाटकं किती. ज्या क्लबचं मैदान त्याच्या स्वतःच्या मालकीचं नाही त्याने छपराचा खर्च कुणाच्या जिवावर करायचा?

आता लंगडी गाय. म्हण चपखल वापरलीत, हसू आलं. एफए व्हाज ही खालच्या पायऱ्यांवरच्या क्लबांची स्पर्धा. २००९ ते २०१७ या नऊ वर्षांत तिचे आठ विजेते नॉर्दर्न लीगचे. व्हिटली बे लागोपाठ तीनदा, मग डन्स्टन, स्पेनीमूर, नॉर्थ शील्ड्स, मॉर्पेथ, साउथ शील्ड्स. मधल्या २०१४ ला अंतिम सामन्यात वेस्ट ऑकलंड हरला म्हणून नऊपैकी नऊ झाले नाहीत. तुम्ही म्हणता, वर जायला हवं होतं ते खाली थांबले म्हणून जिंकले. अर्धं मान्य. स्पेनीमूरने २०१० ते २०१२ सलग तीनदा लीग जिंकली आणि तिन्ही वेळा तो जागचा हलला नाही.

पण गाय लंगडी होती का ते ती कुंपणाबाहेर पडल्यावर कळतं. स्पेनीमूर २०१४ ला बाहेर पडला आणि २०१७ पर्यंत नॅशनल लीग नॉर्थमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगच्या दोनच पायऱ्या खाली, पोचला. मॉर्पेथ २०१८ ला वर गेला, पुढच्याच हंगामात तिथला विभाग जिंकून आणखी वर. साउथ शील्ड्स २०१५ पर्यंत स्वतःचं मैदान सोडून दुसऱ्या गावात खेळत होता, तो २०२३ ला नॅशनल लीग नॉर्थमध्ये. चार पाय धड होते. दावं आखूड होतं, आणि ते काही प्रमाणात त्यांनी स्वतःच बांधून घेतलं होतं, हे तुमचं.

तिसरा मुद्दा खेळाडूंचा. इथे मी हरलो, आणि मघाशी ज्या मुद्द्याचा राग आला म्हटलं तो हाच. ‘या नकाराने कुणाचं काही बिघडलं नाही’ असं मी लिहिलं होतं. ते वाक्य मागे घेतो.

ब्लाइथ स्पार्टन्सचंच घ्या. १९७७-७८ च्या एफए कपमध्ये, म्हणजे लहानमोठ्या सगळ्या क्लबांच्या बाद फेरीच्या स्पर्धेत, या नॉर्दर्न लीगच्या संघाने व्यावसायिक लीगमधल्या स्टोक सिटीला त्यांच्याच मैदानावर ३-२ हरवलं. पाचव्या फेरीत रेक्समविरुद्ध १-० ने पुढे, सामना संपत आलेला. रेक्समला कॉर्नर मिळाला. जमीन गोठलेली, कोपऱ्यातला झेंडा रुतेना, कॉर्नर मारला जाताना तो आडवा झालेला. पंचांनी कॉर्नर परत घ्यायला लावला आणि त्यावर रेक्समने बरोबरी केली. फेरसामना न्यूकासलच्या सेंट जेम्स पार्कवर झाला, ४२,१६७ प्रेक्षकांसमोर, आणि ब्लाइथ २-१ ने हरला. नाहीतर पुढच्या फेरीत आर्सेनल होता.

बेचाळीस हजार माणसं ज्यांना बघायला आली त्या संघातल्या विशीतल्या पोराला पुढच्या शनिवारी पुन्हा तेच मैदान, तीच मोजकी माणसं. त्या पोराला वर जायचं असेल तर क्लब सोडण्यावाचून रस्ता नव्हता. क्लब म्हणून वर जायचा रस्ता ब्लाइथने धरला तो १९९४ ला, सोळा वर्षांनी. तोवर ती पिढी निवृत्त झाली. सचिवाच्या वहीत बसभाड्याचा रकाना असतो, हा रकाना नसतो. माझ्याही लेखात नव्हता.

आता मत. १९७९ ला मी विरोधात टाकलं असतं, आणि आज टाकायला सांगितलं तरी विरोधातच टाकीन, कारण वर झाकण बंद होतं. १९८७ ला मात्र बाजूने. त्या वर्षी दोन गोष्टी झाल्या: व्यावसायिक लीगचं दार आपोआप उघडलं आणि नॉर्दर्न प्रीमियरने खाली आणखी एक विभाग काढला. नवी पायरी बसत असताना आपल्याकडे सौदा करण्याजोगं काहीतरी होतं, जुनं नाव होतं, चांगले संघ होते. लीग तेव्हाही हटून बसली. मग तिचेच क्लब एकेक करून निघाले, १९८८ ला बिशप ऑकलंड आणि व्हिटली बे नॉर्दर्न प्रीमियरमध्ये गेले. १९९१ ला लीग आत आली ती त्या नव्या विभागाच्याही खाली उभी राहिली. या चार वर्षांना तुम्ही हट्ट म्हणा, मी वाद घालणार नाही. आधीच्या आठ वर्षांना म्हणू नका.

आणि बाजूने मत टाकताना एक अट मांडली असती: आमच्या भागातले निदान सहा क्लब एका वेळी आत घ्या, शेजाऱ्यांशी खेळायचे सामने आमच्याबरोबर वर येऊ द्या. एकेकटं गेलं की शेजारी खाली राहतात आणि बँगर वाट्याला येतं. ती अट फेटाळली गेली असती तर काय केलं असतं, हे तुम्ही पुढच्या प्रतिक्रियेत विचारणारच. बसवाल्याला फोन करून मंगळवारचा दर विचारला असता.