कोणापैकी?

पुण्याच्या दादानं घरच्या ग्रुपवर लिहिलं, "आजार काय जात विचारून येतो? जनगणनेत जात विचारली की नुसती भांडणं लागणार." खाली अंगठ्यांची रांग. सरकारनं जातनिहाय मोजणी जाहीर केली ३० एप्रिल २०२५ रोजी, तेव्हापासून आमच्या ग्रुपवर हे अधूनमधून चालूच आहे. त्या रात्री मी इंग्लंडात लेस्टरमध्ये मंडळाच्या मधुमेह शिबिरासाठी निधीचा अर्ज भरत बसले होते, आणि अर्जात नेमकं तेच विचारलं होतं: तुमच्या कामाचा फायदा कोणत्या वंशाच्या लोकांना होणार? मी 'आशियाई, भारतीय' वर खूण केली आणि दादाचा मेसेज पुन्हा वाचला. डोकं तापलं.

बावीस वर्षं मी ही खूण करते आहे. जीपीकडे (इथले फॅमिली डॉक्टर), नोकरीच्या अर्जात, मुलीच्या शाळेत. इथल्या जनगणनेत हा प्रश्न १९९१ मध्ये आला, आणि त्यानं कुणाची शकलं झाली नाहीत. उलट नोंद होती म्हणून २०१९ ते २०२१ या काळात गरोदरपणात आणि बाळंतपणात कृष्णवर्णीय बायका गोऱ्या बायकांच्या जवळपास चौपट आणि आशियाई बायका जवळपास दुप्पट प्रमाणात दगावल्याचं सगळ्यांसमोर आलं. आपल्या लोकांना कमी वजनातच मधुमेह गाठतो, म्हणून इथं आपला बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २३ झाला की डॉक्टर बोलायला लागतात, गोऱ्यांचा २५ झाल्यावर. विचारलंच नसतं तर हे कळलं असतं का?

दादा, आकडे आपल्याकडेही आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात वयाच्या मानानं उंची खुंटलेली मुलं आदिवासींमध्ये सुमारे ४१ टक्के निघाली, आणि अनुसूचित जाती, जमाती, ओबीसी सोडून बाकीच्यांत सुमारे ३० टक्के. पण जनगणनेत सगळ्या जाती शेवटच्या मोजल्या त्या १९३१ मध्ये. आपण दोघं सांगलीत एका अंगणात वाढलो. आपल्याला जात कुणी विचारली नाही, कारण आडनाव सांगितलं की काम भागायचं. "आम्ही जात मानत नाही" हे वाक्य मीही कॉलेजात ठणकावून म्हणायचे.

एवढं सगळं मी ग्रुपवर लिहिलंही. मग पुसून टाकलं. कारण त्याच अर्जाचं एक प्रकरण मला आठवलं, आणि ते मी घरी कुणालाच सांगितलेलं नाही.

नॅशनल लॉटरीच्या कम्युनिटी फंडातून छोट्या संस्थांना २० हजार पौंडांपर्यंत मिळतात. त्यासाठी संस्थेची घटना लागते, स्वतःचं बँक खातं लागतं, आणि खात्यावर सह्या करणारे दोघं एकमेकांचे नातेवाईक चालत नाहीत. आमचे अध्यक्ष आणि खजिनदार नवरा-बायको. म्हणून दुसरं नाव हवं होतं. मी एका ताईंचं सुचवलं. नागपूरकडच्या, इथं हॉस्पिटलात नर्स, हिशेबाला चोख, दर संक्रांतीला तिळाच्या वड्यांचा डबा घेऊन येणाऱ्या. बैठकीत क्षणभर कुणी बोललं नाही. मग एकानं अगदी सहज विचारलं, "त्या कोणापैकी?" दुसऱ्यानं हलक्या आवाजात सांगितलं. "मग बघू," असं ठरलं, आणि चहा आला. मी चिटणीस, इतिवृत्त मीच लिहीत होते. मी लिहिलं, "नावाबाबत पुढील बैठकीत विचार करण्यात येईल." पुढच्या बैठकीत दुसरंच नाव आलं आणि मंजूर झालं.

अर्जात मी आम्हा सगळ्यांना एकाच चौकटीत बसवलं होतं. वंशभेद सोसणारा समाज म्हणून पैसे मागितले होते, आणि ते खरंही आहे, बसमध्ये मी शिव्या खाल्ल्या आहेत. पण त्या ताईंना आमच्याच टेबलावर जे सोसावं लागलं, त्याला त्या अर्जात चौकट नव्हती. जातीचा भेदभाव कायद्यात स्पष्ट लिहावा, अशी दुरुस्ती इथल्या संसदेनं २०१३ मध्ये केली होती. २०१८ मध्ये सरकारनं तो विचार सोडला. त्याला जोरानं विरोध करणाऱ्यांत आपलेच लोक होते. "इथं जात नाहीच," असं म्हणत होते. दादाचंच वाक्य, फक्त इंग्रजीत. मी तेव्हाही गप्प होते.

शिबिराच्या दिवशी ताई आल्या. सकाळी दहापासून तीनपर्यंत बोटं टोचून सगळ्यांची साखर तपासत बसल्या. ज्यानं "कोणापैकी" विचारलं होतं, त्यानंही हात पुढे केला. त्यांनी तो हातात घेतला, कापसानं बोट पुसलं आणि म्हणाल्या, "दादा, जेवणानंतर रोज चालत जा."

पुढचा अर्ज एप्रिलमध्ये आहे. सहीसाठी मी पुन्हा त्यांचंच नाव मांडणार आहे, आधी त्यांना विचारून, आणि मागच्या वेळी काय झालं ते त्यांना सांगून. त्या हो म्हणतील असं मी गृहीत धरलेलं नाही.