सगळंच धुळीवर ढकललं का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

भिगवणच्या पक्ष्यांच्या फोटोंतले काळे ठिपके म्हणजे कॅमेऱ्याच्या सेन्सरवरची (प्रकाश टिपणाऱ्या चिपवरची) धूळ, असं मी लिहिलं होतं, त्याखाली तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया दिलीत आणि मूळ फोटोही पाहायला दिलेत. तेव्हा उत्तरही नीट द्यायला हवं. तुमचं म्हणणं असं: सेन्सरवर धूळ असती तर ती दिवसभराच्या सगळ्या फोटोंत दिसली असती, तुमचे सकाळचे फोटो स्वच्छ आहेत आणि दुपारचे डागाळलेले. लेन्स पुसूनही फरक पडला नाही. रोहित पक्ष्यांच्या थव्यावरचा ठिपका हा लांबवर घिरट्या घालणारा शिकारी पक्षी आहे. मित्राच्या जुन्नरच्या ट्रॅप कॅमेऱ्यात (प्राणी समोर आला की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यात) बिबट्याभोवती पांढरे गोळे आलेत, तीही सेन्सरवरची धूळच का? आणि फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमधल्या हीलिंग ब्रशने दोन मिनिटांत डाग जात असतील, तर एवढा काथ्याकूट कशाला?

पहिल्या मुद्द्यावर थोडं थांबतो, कारण वरवर पाहता तो अगदी बिनतोड वाटतो. तुमच्या फाइलींमधली माहिती पाहिली. शटर दिवसभर १/१००० सेकंद, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) पहाटे लावलेला ८०० तसाच दुपारपर्यंत. शटर तुम्ही ठरवलेला, त्यामुळे ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं छिद्र, कॅमेऱ्याच्या हाती. एफचा आकडा लहान तेवढं छिद्र मोठं. सकाळी उजेड कमी, म्हणून त्याने एफ ५.६ घेतलं, दुपारच्या उन्हात ते एफ १४ वर गेलं. धूळ दोन्ही वेळा होती तिथेच होती, बदलली ती तिची सावली.

हे कण थेट पिक्सेलवर बसत नाहीत. सेन्सरवर काचेचा फिल्टर असतो, त्यावर बसतात, आणि काच व पिक्सेल यांच्यात थोडं अंतर राहतं. लांब ट्यूबलाइटखाली भिंतीवर हाताची सावली धरा, कडा विरघळलेल्या दिसतील. छोट्या बल्बसमोर तीच सावली रेखीव पडते. मोठं उघडलेलं ॲपर्चर म्हणजे ती ट्यूबलाइट. अंतर १ मिलिमीटर धरलं, तर एफ १४ ला सावलीची कड सुमारे ०.०७ मिलिमीटर पसरते, एफ ५.६ ला सुमारे ०.१८. म्हणजे अडीच पट रुंद आणि क्षेत्रफळाने सव्वासहा पट. एवढी फिकट झालेली सावली सकाळच्या आभाळात डोळ्यांना दिसणारच नाही. तेव्हा सकाळचे स्वच्छ फोटो धुळीच्या विरोधातला पुरावा नाहीत. डाग ॲपर्चरबरोबर येतो-जातो, हीच धुळीची सगळ्यात भरवशाची खूण.

लेन्स पुसून काही होणार नव्हतं. लांब पल्ल्याच्या लेन्सच्या पुढच्या काचेवरचा कण फोकसपासून इतका दूर असतो की त्याचा ठिपका उमटतच नाही, फार तर फोटो जरा फिका पडतो.

आता तुमचा शिकारी पक्षी. तुम्ही एकापाठोपाठ काढलेल्या चार फ्रेम दिल्यात हे फार चांगलं केलंत, कारण एका फोटोवरून मी काहीही ठामपणे म्हटलं नसतं. थवा उजवीकडे उडतोय, तुम्ही कॅमेरा त्याच्यामागे फिरवताय, मागची झाडं फ्रेममध्ये डावीकडे सरकताहेत. ठिपका मात्र चारही फ्रेममध्ये वरच्या डाव्या कोपऱ्यापासून तेवढ्याच अंतरावर आहे. आभाळातला कोणताही पक्षी, अगदी एका जागी तरंगणारासुद्धा, फिरणाऱ्या कॅमेऱ्याच्या चौकटीत असा खिळून राहणार नाही.

कुठलाही अनोळखी डाग दिसला की मी आधी एवढंच बघतो: तो कशाबरोबर राहतो? चौकटीबरोबर राहिला तर दोष कॅमेऱ्यात. प्राण्याबरोबर सरकला तर तो प्राण्यावर आहे. दोन्हींशी संबंध न ठेवता फिरला तर हवेत काहीतरी होतं. उगवत्या सूर्यासमोरच्या फोटोंतले हिरवट ठिपके याहून वेगळे: सूर्यापासून फ्रेमच्या मध्यातून रेघ ओढा, ते बहुधा त्या रेघेवर सापडतात, कारण ती लेन्समधली परावर्तनं असतात. हे सगळं न कापलेल्या मूळ फाइलवरच तपासायचं. क्रॉप केलं की चौकटच बदलते.

जुन्नरच्या फोटोंना सेन्सरवरची धूळ मी म्हणणार नाही. तिथे कण हवेत आहेत: धूळ, धुकं, पावसाचे थेंब. ट्रॅप कॅमेऱ्यात इन्फ्रारेड दिवे लेन्सला लागूनच असतात. बिबट्या ५ मीटरवर आणि कण १० सेंटिमीटरवर असेल, तर कण ५० पट जवळ, म्हणून त्याच्यावर पडणारा प्रकाश २५०० पट. त्यात तो फोकसबाहेर, म्हणून फुगून गोल चकती दिसतो. मित्राला पुढचा-मागचा फोटो पाहायला सांगा, गोळ्यांची जागा दर वेळी वेगळी असेल. उसाच्या फडाकडेच्या अशा फोटोंवरून गावात नको त्या गोष्टी पसरतात. बिबट्याची भीती आधीच पुरेशी आहे, तेव्हा हे गावकऱ्यांना समजावून सांगणं मला खरोखर गरजेचं वाटतं.

राहिला काथ्याकूट. धुळीचा डाग खुशाल पुसा, माझी काहीच हरकत नाही. वन्यजीव छायाचित्रणाच्या मोठ्या स्पर्धांनाही तेवढी सफाई चालते. माझी हरकत निदानाआधी ब्रश फिरवण्याला आहे. तुम्ही लिहिलंय की पट्टकादंबाच्या (डोक्यावर काळे पट्टे असलेल्या स्थलांतरित हंसाच्या) फोटोतला ‘पायाजवळचा पांढरा ठिपकाही’ काढून टाकला. मूळ दोन फ्रेम मी शेजारी ठेवून पाहिल्या. पहिल्यात पाय पुढे आहे, दुसऱ्यात मागे, आणि ठिपका पायाबरोबर गेलाय. तो कॅमेऱ्यातला नाही. चिखल असेल, पाण्याचा थेंब असेल, किंवा ओळख पटावी म्हणून अभ्यासकांनी पायात घातलेलं कडं असेल. मंगोलियात खुणेच्या पट्ट्या चढवलेले पट्टकादंब कर्नाटकातल्या तलावांवर दिसलेले आहेत. एका पक्ष्याचा हिमालयापलीकडून झालेला प्रवास अशा एका खुणेवरून कळतो, आणि ती ब्रशखाली गेली तर कुणालाच कळत नाही.

म्हणून विनंती, त्या वेळच्या सगळ्या फ्रेम रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या मूळ फाइलमध्ये) तपासा. ठिपक्याच्या कडा सरळ आहेत का, तो पायाला पूर्ण वेढतो का, त्यावर अक्षर किंवा आकडा आहे का, हे पाहा. कडं निघालं तर बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला जागा, तारीख, कड्याचा रंग, कोणता पाय आणि वाचता येईल तेवढा क्रमांक कळवा. सोबत न पुसलेला फोटो द्या.

सेन्सरचं म्हणाल तर बॅटरी पूर्ण भरा, सेन्सर सफाईचा मोड लावा, लेन्स काढा, कॅमेऱ्याचं तोंड खाली करून हाताच्या ब्लोअरने हवा मारा. तोंडाने फुंकू नका, डब्यातली दाबलेली हवाही नको. दोन्हींतून द्रव उडतो. फोटोत वरच्या डाव्या कोपऱ्यात दिसणारा कण समोरून पाहताना खालच्या डाव्या कोपऱ्यात असेल. नंतर एफ १६ ला, फोकस मुद्दाम बिघडवून, कॅमेरा हलवत मोकळ्या आभाळाचा एक फोटो काढा. त्यात अजूनही रेखीव ठिपका राहिला, तर कण चिकट आहे आणि ते काम सर्व्हिस सेंटरचं.