फिलेचं लँडिंग 'फसलं' म्हणू नका

भाचीच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे. तिने विषय घेतलाय रोझेटा मोहीम, म्हणजे युरोपच्या रोझेटा यानाने एका धूमकेतूपर्यंत जाऊन त्यावर फिले नावाचं छोटं यान उतरवलं, ती. काल तिचा तक्ता बघत होते. कापूस चिकटवून केलेला धूमकेतू सुरेख जमलाय, पण खाली स्केचपेनने ठळक लिहिलंय, 'फिलेचं लँडिंग फसलं.' मला राहवेना. म्हटलं, ही ओळ खोड.

"पण मावशी, ते उडालं ना तिथून?"

उडालं, खरं आहे. पण बाकीचंही सांगायला हवं.

12 नोव्हेंबर 2014. आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते. मी लॅपटॉपवर जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या नियंत्रण कक्षाचं थेट प्रक्षेपण बघत होते. फिले टेकल्याचा संदेश आला तेव्हा ते टेकून 28 मिनिटं झाली होती, कारण 67पी हा धूमकेतू आपल्यापासून 51 कोटी किलोमीटरवर होता. रोझेटा निघाली होती मार्च 2004 मध्ये. तीनदा पृथ्वीजवळून, एकदा मंगळाजवळून वेग घेत, मध्ये 31 महिने झोपून, दहा वर्षांनी ती तिथे पोहोचली होती. त्या कक्षातल्या कित्येकांची उमेदीची वर्षं या एका संदेशाची वाट बघण्यात गेली होती. माझे डोळे भरून आले होते.

फिलेचं वस्तुमान साधारण 100 किलो, पण त्या जेमतेम चार किलोमीटरच्या धूमकेतूवर त्याचं वजन भरणार एखाद्या ग्रॅमच्या आसपास. अशा जागी टेकणं एक वेळ जमतं, टेकून राहणं महाकठीण. म्हणून जमिनीत रुतणारे हार्पून होते आणि वरून दाबून धरणारा छोटा थ्रस्टर होता. थ्रस्टर चालत नाही हे सोडण्याआधीच कळलं होतं, तरी त्यांनी फिलेला सोडलं. त्या निर्णयाबद्दल मला आजही आदर वाटतो. हार्पूनही सुटले नाहीत. फिले उसळलं आणि जवळजवळ दोन तास भरकटत एका कड्याच्या सावलीत जाऊन अडकलं. सौर पट्ट्यांना पुरेसं ऊन मिळेना. जवळच्या बॅटरीवर त्याने सुमारे 57 तास काम केलं, फोटो काढले, तिथले वायू हुंगले, जमीन ठोकून बघितली, सगळं पाठवलं आणि मग झोपलं.

ते नेमकं कुठे पडलंय हे जवळपास दोन वर्षं कुणालाच माहीत नव्हतं. 2 सप्टेंबर 2016 ला, मोहीम संपायला महिनाही उरला नसताना, रोझेटाने 2.7 किलोमीटरवरून काढलेल्या फोटोत ते दिसलं. काळ्या कपारीत आडवं पडलेलं, पाय वर आलेले. तो फोटो मी कितीदा मोठा करून बघितलाय!

आणि आता जे भाचीला सांगितलं ते. 2020 मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात एक शोधनिबंध आला. त्या भरकटण्यात फिले मध्येच आणखी एका जागी आपटलं होतं. ती जागा शास्त्रज्ञांनी चिकाटीने शोधून काढली. तिथे जवळजवळ दोन मिनिटं ते घासत, रुतत गेलं होतं, आणि एका खाचेत त्याच्या वरच्या बाजूचा ठसा 25 सेंटिमीटर खोल उमटला होता. धुळीखालचा अब्जावधी वर्षांपूर्वीचा बर्फ उघडा पडला होता. त्या खाचेवरून हिशेब निघाला की आतला बर्फ आणि धूळ यांचं मिश्रण कॉफीवरच्या फेसापेक्षाही मऊ आहे. सूर्यमाला घडताना जे उरलं, ते हाताला कसं लागेल, हे आपल्याला त्या उसळीमुळे कळलं. ठरल्या जागी पाय रोवून उभं राहिलं असतं, तर फिले त्या खाचेपर्यंत गेलंच नसतं.

यश की अपयश, हे त्याच रात्री ठरवून टाकायची आपल्याला फार घाई असते. 2019 मध्ये चांद्रयान-2 च्या विक्रम लँडरशी संपर्क तुटला तेव्हाही हेच ऐकलं, आणि तेव्हाही मला तितकंच लागलं होतं. वर ऑर्बिटर चंद्राभोवती फिरत काम करत होता, त्याचं नावही कुणी घेत नव्हतं.

भाचीने ओळ खोडली आहे. तिथे काय लिहायचं हे तिचं अजून ठरलेलं नाही.