चिंधी जाळून बघितली

मायक्रोवेव्हमध्ये बटाटे शिजवायची कापडी पिशवी शिवायची, एवढंच ठरलेलं. दोन्हीकडे कापड, मध्ये कापसाचा थर, धुतलेले बटाटे काट्याने टोचून ओलसरच आत सरकवायचे आणि ओव्हनमध्ये ठेवायचे. चार सरळ शिलाया, तासाभराचं काम, असं मी सकाळी घरभर जाहीर केलं, तिथेच चुकलं.

नियम तसा एकच. कापड, आतलं भरण आणि दोरा, तिन्ही शंभर टक्के सुती. ओव्हन मुळात बटाट्यातलं पाणी तापवतो, वाफ शंभर अंशाची, पण बटाटा एखाद्या जागी कोरडा पडून करपायला लागला की तिथे पारा शंभराच्या बराच वर जातो, आणि पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिकच, साधारण १६० लाच वितळतं. पॉलिएस्टर अडीचशेच्या आसपास, म्हणजे जरा सोशिक इतकंच.

कपाटातून ढीग काढला. सगळं 'कॉटन'च, म्हणजे घेताना तसं सांगितलेलं. मग प्रत्येकाची बारीक चिंधी कापून, चिमट्यात धरून, बेसिनवर काडी लावायची. खरं सुती कागदासारखं जळतं, वासही जळक्या कागदाचा, राख बोटात धरली की भुगा. पॉलिएस्टर आकसतं, ठिबकतं आणि काळा कडक मणी होऊन बसतं. माझ्या ढिगातून सहा मणी निघाले. सातवा निघाला ह्यांच्या शर्टातून, तोच तो, ज्याच्याबद्दल "प्युअर कॉटन आहे, हात लावून बघा" असं पाहुण्यांना सांगतात (मी फक्त आतल्या बाजूचा खालचा कोपरा घेतला होता, दिसतसुद्धा नाही).

एक कापड पास झालं तर त्यावर सोनेरी नक्षी. जरी, टिकली, सोनेरी छपाई, चेन, प्रेसबटण, सगळं बाद, धातू म्हटला की आत ठिणग्या.

मग बॅटिंग, म्हणजे आतला थर. पाकिटावर समोर ठळक 'कॉटन' आणि मागे मुंगीच्या अक्षरात, की थर सुटू नये म्हणून आत पॉलिप्रॉपिलीनची जाळी आहे. तेच ते १६० वालं! काहींत जाळीऐवजी थर चिकटवून ठेवणारं रेझिन, तेही नको. शेवटी जाळी नाही, रेझिन नाही, मायक्रोवेव्हला चालेल असं स्पष्ट लिहिलेलं एक सापडलं.

दोऱ्याचं तर विचारूच नका. सुती रीळ लावलं, एक अख्खी बाजू शिवून झाली आणि मग आठवलं की खाली बॉबिनमध्ये जुनाच पॉलिएस्टरचा दोरा आहे. उसवलं. टाचण्या लावल्या बारा, काढल्या अकरा, परत उसवलं, बारावी माझ्याच ओढणीला.

रात्री नऊला पिशवी ओव्हनमध्ये गेली. आता सुती म्हणजे न जळणारं असं नाही हे सकाळपासून पंधरा वेळा स्वतःच बघितलेलं, त्यामुळे एकदम दहा मिनिटं लावून निघून जायची हिंमत नव्हती. दोन-दोन मिनिटं लावायची, बटाटा दाबून बघायचा, परत लावायची, आणि मधल्या वेळात काचेला नाक लावून उभं राहायचं.

"झाला का गं बटाटा?" म्हणून हे स्वयंपाकघरात आले, अंगात तोच शर्ट, आणि तो कोपरा चांगलाच दिसत होता.