डाव्या सीटचे व्याकरण

तेवीस वर्षे मी दादरला घरच्या घरी मराठीच्या शिकवण्या घेतल्या आणि एकोणीस वर्षे स्वतःची गाडी चालवली. या दोहोंची बेरीज केली की ड्रायव्हिंगची शिक्षिका तयार होते, हे गणित मला आमच्या इमारतीतल्या नानांनी घातले. नानांचे मोटार ड्रायव्हिंग स्कूल आहे. चौकशीला येणाऱ्या निम्म्या बायका ‘शिकवायला लेडीज आहे का’ असे विचारून परत जातात, ही त्यांची अडचण होती. आणि माझ्याकडे येणाऱ्या मुलांची संख्या दरवर्षी रोडावत चालली आहे, हे त्यांना आमच्या दाराबाहेरच्या चपलांवरून कळत होते. “वहिनी, तुम्हाला काय अवघड आहे? शिकवणे तर तुमच्या हाडात आहे,” असे ते म्हणाले. जे हाडात असते ते पायात असेलच असे नाही, हे कळायला मला पुढचे आठ महिने लागले.

लायसन्स आहे, हात साफ आहे, तेव्हा सोमवारपासून जाऊन बाजूला बसावे, अशी माझी समजूत होती. परंतु केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील चोविसाव्या नियमात प्रशिक्षकाची पात्रता लिहून ठेवलेली आहे. तो किमान दहावी उत्तीर्ण असावा, त्याला गाडी चालवण्याचा पाच वर्षांचा अनुभव असावा, वाहतुकीची चिन्हे त्याला पक्की ठाऊक असावीत, गाडीचे भाग आणि त्यांचे कार्य त्याला दाखवून समजावता यावे आणि इंग्रजीचे किंवा प्रादेशिक भाषेचे त्याला पुरेसे ज्ञान असावे. मराठीत एम. ए. झालेल्या माणसाची कोठे तरी गरज आहे असे सरकारने लिहून ठेवलेले मी प्रथमच वाचत होते, त्यामुळे पुढचे वाक्य वाचायला मला अंमळ उशीर झाला. त्या वाक्यात मोटार मेकॅनिकच्या अभ्यासक्रमाचे मान्यताप्राप्त प्रमाणपत्र मागितले होते.

त्या अभ्यासक्रमाच्या वर्गात माझ्याखेरीज सगळे मुलगे होते आणि त्यांतला सर्वांत थोरला माझ्या मुलाहून दोन वर्षांनी लहान होता. पहिल्या आठवड्यात ते मला ‘मॅडम’ म्हणत. दुसऱ्या आठवड्यात मी डब्यातून थालीपीठ नेले आणि तेव्हापासून माझे काकूपण कायम झाले. त्याचा लाभ असा की, चाक बदलण्याच्या तासाला नट सैल करायला चौघेजण धावून येत. आणि तोटा असा की, परीक्षेत तो नट एकटीने सैल करायचा असतो, हे मला परीक्षेतच आठवले. चाकाचे नट गाडी जॅकवर उचलण्यापूर्वी सैल करायचे असतात, एवढे मला पाठ होते; म्हणून मी पाना नटाला अडकवला आणि सरळ त्याच्या दांड्यावर उभी राहिले. डॉक्टर ज्या वजनाबद्दल मला दर भेटीत बोलतात, ते वजन त्या दिवशी कामी आले.

इंजिनाचे चार टप्पे मी वहीत मराठीत उतरवून घेतले होते: शोषण, दाब, शक्ती आणि उत्सर्जन. माझ्या खांद्यावरून वहीत डोकावणारा एक मुलगा म्हणाला, “काकू, हे तर आमच्या बाबांच्या नोकरीचे वर्णन आहे.” चार सिलिंडरच्या इंजिनात ठिणगी बहुधा एक, तीन, चार, दोन या क्रमाने पडते, हा क्रम मी वृत्ताच्या गणांसारखा गुणगुणत पाठ केला. प्रमाणपत्र मिळाले. त्यावरील माझ्या छायाचित्राच्या कपाळाला ग्रीस लागलेले आहे.

त्यानंतर नानांनी मला त्यांच्या जुन्या प्रशिक्षकाच्या हवाली केले. त्यांच्या वयाकडे पाहून मी त्यांना मामा म्हणणार होते. परंतु मुंबईच्या रस्त्यावर मामा हे पद वाहतूक हवालदाराकडे आहे आणि गाडीत कोणी नुसते ‘मामा!’ म्हटले तरी शिकणारा माणूस सगळे सोडून सीटचा पट्टा शोधू लागतो. म्हणून सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. उस्तादांनी मला आधी माझी स्वतःची गाडी चालवून दाखवायला सांगितली. शिवाजी पार्कहून टिळक पुलावरून दादर टीटी आणि तेथून फाइव्ह गार्डन, एवढ्या अंतरात त्यांनी माझ्या एकोणीस चुका मोजल्या. वर्षाला एक या हिशेबाने मी तो आकडा पचवला. क्लचवर सारखा पाय टेकवून ठेवण्याची मला सवय आहे आणि त्याने रिलीज बेअरिंग झिजते, ही गोष्ट मी महिनाभरापूर्वीच परीक्षेत सविस्तर लिहून आठपैकी सात गुण मिळवले होते, तरी पाय क्लचवरच होता. गाडी उभी केल्यावर उस्ताद बराच वेळ समोरच्या झाडाकडे पाहत राहिले आणि मग अतिशय मऊपणे म्हणाले, “मॅडम, तुम्ही गाडी चांगली चालवता. फक्त कशी चालवता, ते तुम्हाला माहीत नाही.”

मग मी डाव्या सीटवर बसले. शिकवण्याच्या गाडीत या सीटपुढे एक क्लच आणि एक ब्रेक बसवलेला असतो आणि ही दोन्ही पेडले उजवीकडच्या पेडलांना जोडलेली असतात. ॲक्सिलरेटर नसतो, स्टेअरिंगही नसते. गाडी थांबवण्याचा अधिकार पूर्ण आणि पुढे नेण्याचा शून्य, अशी ही जागा आहे. ज्यांनी कधी हाउसिंग सोसायटीचे सेक्रेटरीपद भूषवले आहे, त्यांना ती परिचयाची वाटेल.

उस्ताद स्वतः शिकाऊ होऊन स्टेअरिंगवर बसत. एके दिवशी ते नवी सून होत, दुसऱ्या दिवशी कॉलेजातले हिरो आणि तिसऱ्या दिवशी निवृत्त साहेब. सकाळी साडेसहा वाजता फाइव्ह गार्डनच्या वळणावर पांढऱ्या मिशांची ती नवी सून स्टेअरिंग घट्ट धरून “अगं बाई, समोरून टेम्पो!” असे किंचाळली, तेव्हा बागेत फेऱ्या मारणारे दोन वृद्ध पारशी गृहस्थ थबकले आणि उरलेली फेरी त्यांनी रद्द केली.

याच वळणावर मला माझ्या मातृभाषेतली अडचण सापडली. मी म्हणाले, “ब्रेक मारू नका.” गाडी जागच्या जागी उभी राहिली. मी पुन्हा तेच म्हणाले आणि ती पुन्हा उभी राहिली. मला वाटले उस्ताद मुद्दाम छळत आहेत; पण ते शिकाऊ माणसाच्या पायाचे तंतोतंत अनुकरण करीत होते. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते आणि नकार त्याच्याही मागून येतो. या रचनेचे गोडवे मी मुलांना तेवीस वर्षे सांगत आले. परंतु गाडीत ‘ब्रेक’ हा शब्द कानावर पडताच पाय कामाला लागतो, ‘मारू’ येईपर्यंत इंजिन बंद पडते आणि ‘नका’ एवढेच मागच्या टॅक्सीवाल्यासाठी शिल्लक राहते. “मॅडम, नाही म्हणायचेच नाही,” उस्तादांनी सांगितले. “जे करायचे तेवढेच बोलायचे.” त्या दिवसापासून ‘ब्रेक मारू नका’ याचे ‘चालू द्या’ झाले आणि ‘इतके डावीकडे जाऊ नका’ याचे ‘स्टेअरिंग उजवीकडे, दोन बोटे’ झाले. नकाराशिवाय बोलण्याचा हा सराव मी घरी केला, तेव्हा यजमानांना माझी तब्येत बरी नसावी असे वाटले.

दुसरी अडचण लांबीची होती. ताशी ३६ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात १० मीटर पुढे जाते. माझे साधे वाक्य चार सेकंदांचे असते, म्हणजे ते पूर्ण होईपर्यंत गाडी ४० मीटर गेलेली असते, आणि एखादे गौणवाक्य जोडले तर ६०. मी जन्मभर गौणवाक्ये जोडत आले आहे. ‘समोर जो सायकलवाला दूधवाला दिसतो आहे, तो बहुधा उजवीकडे वळणार असल्यामुळे’ इथपर्यंत माझे वाक्य पोहोचले, तेव्हा तो दूधवाला वळून, दूध घालून, परत निघाला होता.

तिसरी अडचण आदराची. नव्या सुनेला ‘ब्रेक मार’ म्हणता येते. निवृत्त साहेबांना मी सवयीने “काका, जरा ब्रेक मारता का?” असे विचारले. त्यावर उस्ताद माझ्याकडे सावकाश वळले आणि साहेबी आवाजात म्हणाले, “मारू की. केव्हा मारू?” तोवर आम्ही फुटपाथला चाक लावले होते. नुसत्या ‘ब्रेक!’ या नामाला एकवचनी आणि आदरार्थी अशी दोन रूपे नसतात, म्हणून धोक्याच्या वेळी क्रियापद सोडून नाम वापरावे, असा नियम मी माझ्या वहीत लिहिला. क्लच कोठे पकडतो हे सांगायला मात्र मला नामही सापडत नव्हते. उस्ताद म्हणत, “गाडी बोलते.” ती काय बोलते ते सांगत नसत. क्लच सोडता सोडता इंजिनाचा आवाज किंचित खाली येतो, बॉनेट केसभर वर उचलल्यासारखे वाटते आणि नेमका तेथेच पाय थांबवायचा असतो. मी म्हणाले, हे तर दुधासारखे आहे. साय फुगून काठाशी येते, तेव्हा आपण गॅस जेथे धरतो, ती ही जागा. उस्तादांनी आयुष्यात दूध तापवलेले नव्हते. दुसऱ्या दिवशी येऊन ते म्हणाले, “काल करून पाहिले. दूध उतू गेले, पण तुमचे म्हणणे पटले.”

नानांच्या परवान्याचे पाच वर्षांनी होणारे नूतनीकरण आणि त्यात माझे नाव चढवणे, ही दोन्ही कामे एकाच वेळी निघाली आणि एक अधिकारी तपासणीला आले. अशा शाळेत इंजिन, गिअरबॉक्स आणि ब्रेकचे ड्रम मांडून ठेवावे लागतात, फळा आणि चिन्हांचे तक्ते लागतात. नानांच्या गाळ्यात हे सगळे होते. फक्त गिअरबॉक्सवर चहाचे ग्लास ठेवायची प्रथा होती आणि इंजिनावर दसऱ्याचा झेंडू वाळून बसला होता, तो मी आदल्या रात्री नखाने सोलून काढला. शिकाऊ गाडीवरच्या पाटीचे माप अधिकाऱ्यांनी विचारले. पाटी १८ सेंटिमीटर चौरस, पांढऱ्यावर लाल अक्षर, अक्षराची उंची १०, जाडी २ आणि तळाची रुंदी ९, हे मी एका श्वासात म्हणून दाखवले. मग त्यांनी हाताचे इशारे करायला सांगितले. डावीकडे वळायचे असेल तर उजवा हात बाहेर काढून घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवायचा असतो. मी खुर्चीत बसून, गाळ्याच्या दाराबाहेर हात काढून, तो मनापासून फिरवला. समोरच्या टपरीवरचा पोऱ्या चार कटिंग घेऊन आला.

चहा झाल्यावर त्यांनी डिफरन्शियलचे काम विचारले. मी म्हणाले, “लालबागला मिरवणूक कोपऱ्यावर वळते, तेव्हा लेझीमच्या रांगेतला आतला मुलगा जागच्या जागी पाय आपटतो आणि बाहेरच्याला धावावे लागते, तरी रांग तुटत नाही. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचे असते. दोन्ही चाके एकाच वेगाने फिरली तर एक फरफटेल. म्हणून त्यांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी ही पेटी.” अधिकारी काही क्षण गप्प राहिले. “मी कायम बाहेरच्या टोकाला असायचो,” असे म्हणून त्यांनी कागद पुढे ओढला.

माझ्या वाट्याला पहिली शिकाऊ म्हणून एखादी बाई येईल, या हिशेबाने एवढा खटाटोप झाला होता. आले ते चौसष्ट वर्षांचे बँकेतून निवृत्त झालेले काका. काकूंना स्वतःच्या गाडीने गाणगापूरला नेण्याचा त्यांचा नवस होता. नियमाप्रमाणे किमान २१ दिवस आणि प्रत्यक्ष चालवण्याचे १० तास, हे त्यांनी पहिल्याच दिवशी मला वाचून दाखवले. आठ दिवस फाइव्ह गार्डनला काढून नवव्या दिवशी आम्ही टिळक पूल चढायला घेतला आणि चढाच्या मधोमध वाहतूक थांबली. मागे बेस्टची बस उभी राहिली. आरशात तिचा फक्त नंबर दिसत होता.

पुढची रांग हलली. काकांनी पहिला गिअर टाकला आणि मला काही विचारण्यासाठी तोंड उघडून हँडब्रेक सोडला. गाडी वीतभर मागे आली. बसने हॉर्न दिला. माझा पाय ब्रेकच्या वर, कागद जाईल एवढ्या अंतरावर, हवेत होता. आणि तो तसाच ठेवायचा, हे उस्तादांनी दोन महिने शिकवलेले एकमेव अवघड काम होते. सांगण्यासारखी वाक्ये सहा होती आणि त्या सहाही वाक्यांना कर्ता, कर्म, क्रियापद होते.

“दूध!” मी ओरडले.

इंजिनाचा आवाज खाली आला, बॉनेट केसभर उचलले आणि काकांचा डावा पाय तेथेच थांबला. गाडी एक क्षण जागेवर थरथरली आणि मग पुलाच्या माथ्याकडे चढू लागली.

गाळ्यावर परतल्यावर नमुना १५ ची नोंदवही काढली. तीत तारीख, वेळ आणि दोघांच्या सह्या घ्यायच्या असतात. काकांनी बँकेतल्या सवयीने आधीच्या सगळ्या नोंदी तपासल्या, चश्मा कपाळावर चढवला आणि विचारले, “मॅडम, खरे सांगा, पुलावर तुम्ही ब्रेक मारला होता का?”

“नाही,” मी म्हणाले. माझ्या पोटरीत अजून गोळा होता.

“मग तसे लिहा की येथे,” ते म्हणाले आणि पेन माझ्यापुढे धरून त्या पानावर त्यासाठीचा रकाना शोधू लागले.