सत्तरीत गेलेली दृष्टी ही 'वयोमानानुसार' नसते

मागच्या लेखात मी 65 वर्षांपुढच्या दिव्यांगांच्या हक्कांबद्दल लिहिलं होतं. त्यावर 'करदाता' या नावाने प्रतिक्रिया आली: "संजय गांधी योजना 65 ला संपते, मग तुम्ही म्हाताऱ्यांना आशा का लावता? या वयात सगळ्यांचेच डोळे-कान-गुडघे जातात. त्यांना श्रावणबाळ मिळतंच. माझ्या आईला 78 व्या वर्षी ऐकू येत नाही, आम्ही गेलो का मागायला?"

करदाता, तुमचं म्हणणं मला मनापासून खोडून काढायचं आहे, पण आधी जे बरोबर आहे ते मान्य करतो. निराधारांना आणि दिव्यांगांना दरमहा मदत देणारी राज्याची संजय गांधी निराधार अनुदान योजना 65 वर्षांखालच्यांसाठीच आहे. त्यापुढच्यांसाठी श्रावणबाळ ही राज्याची निवृत्तीवेतन योजना आहे. मागच्या लेखात हे मी ठळकपणे लिहायला हवं होतं.

पण वयाची अट त्या योजनेला आहे, दिव्यांगत्वाला नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत आणि लाभांसाठी साधारण किमान 40 टक्के दिव्यांगत्वाची अट आहे. दिव्यांगत्व कितव्या वर्षी आलं, असं तो कायदा विचारत नाही. नुसते गुडघे दुखतात म्हणून कुणाला प्रमाणपत्र मिळत नाही. तपासणी होते, टक्के काढले जातात. पार्किन्सन्स त्या यादीत आहे आणि तो बहुतेकांना उतारवयातच गाठतो. डिमेन्शिया मात्र त्यात नावाने नाही, आणि घरात असा रुग्ण सांभाळणाऱ्यांवर हा अन्याय आहे असं मला वाटतं.

आता "श्रावणबाळ मिळतंच" याबद्दल. त्याच कायद्यात म्हटलंय की दिव्यांगांना मिळणारी मदत तशाच इतर योजनांपेक्षा किमान 25 टक्के जास्त असावी. कारण साधं आहे: ज्याला दिसत नाही त्याला औषध आणायलाही माणूस लागतो, रिक्षा लागते. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिव्यांग लाभार्थ्यांचं अनुदान 1500 वरून 2500 रुपये केलं, तेव्हा संजय गांधीबरोबर श्रावणबाळमधले दिव्यांगही त्यात घेतले. म्हणजे 65 च्या पुढेही प्रमाणपत्राला महिन्याला हजार रुपयांची किंमत आहे. ज्यांनी "आता कशाला" म्हणून ते काढलंच नाही, त्यांना ही वाढ मिळणार कशी?

माझ्या आत्याची काचबिंदूने दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली, तेव्हा ती 71 वर्षांची होती. एका कार्यालयात तिला सांगितलं गेलं, "आजी, हे वयोमानानुसार आहे, घरी जा." ती घरी आली आणि दोन वर्षं गप्प बसली. शेवटी आम्ही सिव्हिलमधून प्रमाणपत्र काढलं. एसटीत महिला म्हणून तिला निम्मं तिकीट होतंच. दिव्यांग म्हणून 75 टक्के सवलत झाली आणि सोबतच्या माणसालाही निम्मं तिकीट. एकटी बसमध्ये चढू न शकणाऱ्या बाईला हा दुसरा भाग जास्त मोलाचा. त्यानंतर ती पुन्हा माहेरच्या जत्रेला जाऊ लागली.

खरी खोट योजनांच्या कडांवर आहे. केंद्राची दिव्यांग पेन्शन 80 टक्के दिव्यांगत्व मागते आणि 79 व्या वर्षी थांबते. पुढे माणूस वृद्धापकाळ योजनेत जातो आणि कागदावर त्याचं दिव्यांगत्व पुसलं जातं. राज्यात संजय गांधीत दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 50,000 आहे, श्रावणबाळला 21,000. माणूस तोच, त्याचं अपंगत्वही तेच, फक्त वाढदिवस झाला. तुमचा राग इथे यायला हवा होता.

आणि तुमच्या आई. तुम्ही मागायला गेला नाहीत हे तुम्ही अभिमानाने लिहिलंय, पण त्यांना विचारलंत का? कानाची तपासणी जिल्हा रुग्णालयात होते, प्रमाणपत्राचा अर्ज केंद्राच्या स्वावलंबन पोर्टलवर भरता येतो. उत्पन्नाच्या अटीत बसत असाल तर राष्ट्रीय वयोश्री योजनेतून श्रवणयंत्र मिळू शकतं. बसत नसाल तरी तपासणी कराच. अर्ज भरताना कुठे अडलं तर इथेच लिहा, मी उत्तर देईन.