केवड्याची फिरनी आणि माझा उजवा हात

फिरनी खायची तर रमजानात मोहम्मद अली रोडला जावं, मिनारा मशिदीच्या गल्लीत उभं राहून मातीच्या वाटीतली गार फिरनी खरवडून खावी, आणि मालपुव्याच्या वासाने पुन्हा भूक लागली की घरी न सांगता तोही हाणावा. हा सरळ मार्ग सोडून "घरी काय अवघड आहे? तांदूळ, दूध, साखर!" म्हणणारं एक माणूस घरोघरी असतं. आमच्याकडे ती बायको आहे. प्रमाण ठरवणं आणि चव बघणं ही वजनदार खाती तिच्याकडे. ढवळणं माझ्याकडे.

लिटरभर दुधाला पाव वाटी बासमती. अर्धा तास भिजवून, निथळून मिक्सरमधून रवाळ काढायचा. पीठ झालं तर खळ होते. एवढं उरकून बायको पळी माझ्या हातात देते, "थांबू नकोस हं" म्हणते आणि फोनवर जाऊन बसते.

कणी दुधात पडली की थेट तळ गाठते आणि तिथेच ठाण मांडते. जरा हात थांबला की लागलीच म्हणून समजा, आणि लागलेल्या दुधाचा वास केवड्याच्या बापालाही झाकता येत नाही. पण या माणसाचा उजवा हात गुंतलाय, ही बातमी गावभर कशी होते कोण जाणे! नाकाला खाज तेव्हाच सुटते. कुरिअरवाल्याला ओटीपी तेव्हाच हवा असतो. आई हॉलमधून विचारते, "अरे, जेवणानंतरची गोळी पांढरी की गुलाबी?"

बराच वेळ काहीच घडत नाही. दूध आपलं दूधच. मग एकाएकी पळी जड होते, कडेचे बारीक बुडबुडे गायब होतात आणि मधोमध एकेक गलेलठ्ठ फुगा येऊन फट्टकन फुटतो, तो नेमका मनगटावर. "आई गं" म्हणायचं, पण ढवळत ढवळत. बाहेरून हुकूम येतो, "साखर एवढ्यात नको! कणी शिजू दे!" फोनवर बोलताना हिला पातेल्यातलं कसं दिसतं, हे मी विचारायचं सोडून दिलंय.

वाट्या त्याआधीच बादलीत बुडवलेल्या असतात, नाहीतर कोरडी माती फिरनीतलं पाणी पिऊन टाकते. पाण्यात पडल्या की त्या चुर्रर्र करत बारीक बुडबुडे सोडतात आणि बाथरूमभर मृगाच्या पहिल्या सरीचा वास सुटतो. या सगळ्या खटाटोपात मला आवडणारं काम हेच. यात ढवळावं लागत नाही.

केवडा गॅस बंद केल्यावर, नाहीतर वास वाफेबरोबर शेजाऱ्यांकडे जातो. केवडाजल असेल तर चमचाभर, इसेन्स असेल तर दोन-तीन थेंब. बाटलीचं बूच निघालं की आई गोळी विसरून आत येते.

"खोटी साक्ष दिली म्हणून महादेवाने ज्याला पूजेतून हाकलला, तो तुम्ही दुधात घालणार? वेणीत माळायची वस्तू ती!"

"आई, ओडिशातल्या गंजाममधून येतो हा. खास खाण्यासाठी."

"येऊ दे. वेलची काय महाग झाली?"

यात माझं मत कुणी विचारत नाही. माझ्या हातात अजून पळी असते.

रात्रभर फ्रिजमध्ये फिरनी जमते आणि केवडा फिरायला निघतो. सकाळी लोण्याला केवडा, दह्याला केवडा, चिरून ठेवलेल्या भेंडीलाही केवडा. चहाचा पहिला घोट घेऊन आई माझ्याकडे बघते. बायकोकडे नाही.

दुपारी मात्र ती दोन वाट्या संपवते. "वेलची असती तर तिसरी खाल्ली असती," एवढाच शेरा.

उरतात रिकाम्या वाट्या. त्या टाकायला आमच्याकडे कुणाचा हात धजत नाही, "राहू देत, कामाला येतील." एकीत मेथी पेरली आहे, एकीत देव्हाऱ्यातल्या वाती, तिसरीत सुटे पैसे. पुढच्या खेपेला बायको नव्या वाट्या आणते, कारण जुन्या कामात आहेत.